अजून कोण चालवणार?

टाकेताईने हौसेने सायकल घेतली असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक. हौसमौज त्या बाईच्या स्वभावातच नव्हती. तिच्या घराकडून इस्पितळाकडे जाणारी बस बंद झाली, एवढंच कारण. एका सकाळी थांब्यावर कागद चिकटवलेला दिसला, की प्रवासी फार कमी म्हणून मार्ग रद्द. फार कमी म्हणजे कोण, तर ही आणि एक झोपाळू पहारेकरी. पहारेकऱ्याने मुकाट्याने दुसरी नोकरी बघितली. हिने सायकल घ्यायचं ठरवलं. ह्या वयात सायकल? असं शेजारीण तोंडावर म्हणाली, तेव्हा हिने सांगितलं की वयाचं मी पायांना विचारलंय, त्यांची काही हरकत नाही.

टाकेताई हे अर्थातच तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून एक खोली होती, तिथे ती एकटी शिवणयंत्रावर बसायची. वरच्या मजल्यांवर डॉक्टर माणसांना टाके घालायचे आणि खाली ही चादरींना, म्हणून टाकेताई. चादर मधोमध विरली की ती उभी कापायची, दोन्हीकडच्या धडधाकट कडा मध्ये आणून एकमेकींना जोडायची आणि विरलेला भाग गादीखाली खोचला जाईल असा बाहेर टाकायची. अशी चादर पुढे कितीतरी चालते. मधल्या शिवणीमुळे पाठीला टोचतं अशी रोग्यांची तक्रार वरून यायची. टोचेना का, ही म्हणायची, उघड्या गादीपेक्षा बरं.

पण हे म्हणायचं कुणाला? खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. सकाळी फाटक्या कपड्यांचे गठ्ठे दाराशी पडायचे, संध्याकाळी शिवलेले उचलले जायचे, आणि उचलणाऱ्या माणसाला नेहमी घाई. घरी गेलं की तीच तऱ्हा. आई होती तोवर घरात निदान कुरकुर होती. चहा गार झाला, खिडकी लाव, खिडकी उघड, पंखा इतका जोरात कशाला. त्या कुरकुरीला वैतागलेली ही बाई आता स्वतःच स्वतःला मोठ्याने विचारायची, पंखा बंद करू का? आणि करायची बंद. काही वेळा तर तिला वाटायचं, सकाळपासून आपल्या घशातून आवाजच निघालेला नाही, तो शाबूत आहे की नाही कुणास ठाऊक.

तर सायकल. दुकानात गेली आणि उंची बघून, बसून, पाय टेकवून एक मरून रंगाची सायकल तिने पसंत केली. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर. घासाघीस वगैरे झाली. आता घेऊन निघावं, तर दुकानदार म्हणाला, एक मिनिट, तिकडे विम्याचं टेबल आहे, तेवढं उरकून घ्या. सायकलचा विमा? हिला हसूच आलं. माणसाचा ऐकलाय, गाडीचा ऐकलाय. पण टेबलामागे बसलेले गृहस्थ काही हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज लग्नाच्या मांडवात शोभेल असा, आणि समोर तीन रंगांची तीन पत्रकं. मागे आणखी चार गिऱ्हाइकं खोळंबलेली. गृहस्थ अशा थाटात बोलायला लागले की जणू ही सायकल उद्याच नदीत पडणार आहे.

पहिला विमा साधा. सायकल चोरीला गेली तर भरपाई. दुसऱ्यात चोरी आणि मोडतोड दोन्ही. तिसरा संपूर्ण, म्हणजे चोरी, मोडतोड, चालवणाऱ्याला इजा झाली तर दवाखान्याचा खर्च आणि आपला धक्का लागून कुणी पडलं तर त्याचंही निस्तरणं. टाकेताई कपडा पारखावा तसं एकेक पत्रक पारखत होती. तिने विचारलं, नुसती सीट चोरीला गेली तर? गृहस्थ म्हणाले, नुसत्या सीटचं काही मिळत नाही, अख्खी सायकल जायला हवी. ही म्हणाली, म्हणजे चोराला सांगायचं की बाबा रे, सुटं काही नेऊ नकोस, नेतोस तर सगळीच ने. रांगेतलं कुणीतरी खो खो हसलं आणि हिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत तिच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

मग तिने आणखी विचारलं. पावसात गंजली तर? नाही मिळत. आपणच खांबाला धडकलो तर? मिळतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या विम्यात. कुलूप न लावता उभी केली आणि गेली तर? अजिबात नाही मिळत. साधा विमा तर तिने पहिल्याच झटक्यात बाजूला सारला. चोरीपेक्षा तिला भीती होती ती पडण्याची. आपण कुठे रस्त्यात पडलो तर उचलायला येणार कोण, हा विचार तिला सायकल घ्यायचं ठरवल्यापासून छळत होता. विमा काही उचलायला येत नाही, हे तिलाही कळत होतं. पण कुणीतरी कुठेतरी आपल्या पडण्याची दखल घेऊन ठेवलीय, एवढंही तिला पुरे होतं. तिने संपूर्णवर बोट ठेवलं.

गृहस्थ खूश झाले. म्हणाले, उत्तम, ह्यात आणखी एक सोय आहे, त्याच हप्त्यात दुसरा चालकही बसतो. घरातलं कुणी चालवणार असेल तर नाव सांगा. ही म्हणाली, नाही, मी एकटीच. त्यांनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे बघितलं आणि त्या मांडवातल्या आवाजात विचारलं, "अजून कोणीच नाही चालवणार? घरात कोणीच नाही?"

सगळी रांग ऐकत होती. मघाशी हसलेला माणूससुद्धा. त्या गृहस्थांच्या मनात काही नव्हतं हो, सवलत फुकट जाऊ नये एवढीच त्यांची कळकळ. पण टाकेताईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिला वाटलं, आपण एकट्या आहोत हे भर बाजारात दवंडी पिटून सांगतायत.

"आहे ना," ती म्हणाली. "बहीण आहे."

आणि खाडखाड नाव सांगितलं, पत्ता सांगितला, फोन नंबर सांगितला. नंबर तोंडपाठ होता. आई गेल्यापासून एकदाही न फिरवलेला नंबर असा न अडखळता जिभेवर आला, ह्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

सायकल हातात धरून ती दुकानाबाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि जागच्या जागी थबकली. अगं बाई, धाकटीला सायकल येतेच कुठे? लहानपणी हिनेच तिला शिकवायला म्हणून मैदानात नेलं होतं, आणि न सांगता हात सोडला होता. धाकटी पडली, हनुवटी फुटली, आणि त्यानंतर तिने सायकलचं नाव काढलं नाही. आणि आपण तिला चक्क चालक करून आलो. शहाणपणाची कमाल झाली.

पण सायकल येत नाही ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट ही, की दोघींचं बोलणं बंद होतं. आई गेल्यावर टाकेताईने आपल्या धंद्याच्या सवयीने काय केलं, तर आईचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, उसवलेलं शिवलं आणि गठ्ठा बांधून इस्पितळात देऊन टाकला. ज्या रोग्यांना घरून कुणी काही आणून देत नाही, त्यांच्या उपयोगाला. नीटनेटकं, चटपटीत काम. चार दिवसांनी धाकटी आली आणि म्हणाली, मला आईचा तो राखाडी स्वेटर दे. स्वेटर कुठला? कपाट रिकामं. धाकटी त्या रिकाम्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, तू आईला सांभाळलंस हे मान्य, पण ती तुझ्या एकटीची नव्हती. त्यावर गप्प बसायचं, तर ही फणकाऱ्याने म्हणाली, सांभाळायच्या वेळी कुठे होतीस? धाकटीने चपला घातल्या आणि गेली. नदीपलीकडे राहायची ती, पूल ओलांडला की घर. पण तो पूल तेव्हापासून दोघींपैकी एकीनेही ओलांडला नाही. आधी फोन कोणी करायचा, ह्यावर दोघी अडून बसल्या, आणि अडून बसण्यात दोघी एकाच आईच्या लेकी.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा संदेश आला. आपण दिलेल्या दुसऱ्या चालकाशी आमचा प्रतिनिधी फोनवर बोलून खात्री करून घेईल, त्यानंतर विमा लागू होईल. टाकेताईच्या हातातली कात्री तिथेच राहिली. ही खात्रीबित्रीची भानगड त्या गृहस्थांनी सांगितलीच नव्हती, की सांगितली होती आणि कान तापलेले असल्यामुळे हिला ऐकूच आली नव्हती? दुपारची सुट्टी झाल्याबरोबर तिने दुकान गाठलं आणि म्हणाली, ते बहिणीचं नाव खोडा. गृहस्थ म्हणाले, आता कसं खोडणार, ते पुढे गेलं, आधी खात्री होऊ द्या, मग हवा तो बदल करा. ही म्हणाली, अहो, तिला त्रास नको. ते म्हणाले, दोन मिनिटांचा फोन, त्यात कसला त्रास? आणि वर मोठ्या मनाने विचारलं, बहिणी-बहिणींत एवढं काय परकेपण? 

परत येऊन मशीनवर बसली, पण टाके वाकडे पडायला लागले. विमा गेला तर गेला, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला दुसरीच भीती होती. तो प्रतिनिधी धाकटीला विचारील, अमुक अमुक बाई तुमच्या बहीण ना? आणि धाकटी म्हणेल, माझा तिचा काही संबंध नाही. आजवर दोघींनी मनात काहीही धरलं असेल, पण कुणी तिऱ्हाइतासमोर हे वाक्य बोललं नव्हतं. बोललं नाही तोवर ते खरं झालेलं नाही, अशी टाकेताईची वेडी समजूत होती. आणि आता आपल्या हाताने आपण तिला ते बोलायची सोय करून दिली. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने चांगली शिवलेली एक चादर उसवून पुन्हा शिवायला घेतली.

आधी आपणच फोन करून तिला सांगावं, हे सुचलं नाही असं नाही. सुचलं, दिवसातून दहादा सुचलं. पण सांगणार काय? बोलत नाही आपण, पण एका विम्यात मी तुझं नाव घातलंय, तेवढं हो म्हण? ह्याला काही लाज? शेवटी ती आपली सायकल घेऊन इस्पितळात जात राहिली आणि येत राहिली. उतारावर ब्रेक करकचून धरून, चढावर खाली उतरून. वाटेत एकदा घसरून पडलीही. उठली, पदर झटकला, इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. बघणारं कुणी नाही म्हणून आधी हायसं वाटलं आणि मग गुडघ्यापेक्षा तेच जास्त दुखलं.

आठवडा संपता संपता फोन आला. प्रतिनिधीचा आवाज अगदी मऊ, लोण्यासारखा. टाकेताईने मशीनवरचा पाय काढला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तो म्हणाला, दुसऱ्या चालकांशी बोलणं झालं. ती म्हणाली, बरं. तो म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे, विमा आजपासून लागू. ती म्हणाली, काय व्यवस्थित आहे?

तो हसला. तुमच्या भगिनी फार बोलक्या आहेत, म्हणाला. बाजारहाट करायला त्याच सायकल नेतात म्हणे, पुलाच्या उताराला जपून चालवतात, आणि टोपलीत जास्त वजन ठेवत नाहीत. आमच्या सगळ्याच गिऱ्हाइकांनी अशी काळजी घेतली तर किती बरं होईल. मी त्यांना विचारलं, सायकल तुमच्या कोणाची? तर म्हणाल्या, माझ्या ताईची.

पुढे त्याने काय सांगितलं ते टाकेताईला कळलं नाही. फोन ठेवला आणि ती फाटक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून हुंदके देऊन रडली. जिला सायकल धरता येत नाही तिने टोपलीत वजन ठेवत नाही म्हणून सांगितलं. किती खोटं बोलावं माणसाने! गठ्ठे उचलणारा माणूस दाराशी आला, तिला बघून दचकला आणि पहिल्यांदाच घाई विसरून म्हणाला, काय झालं ताई? ही म्हणाली, काही नाही, माझा सायकलचा विमा झाला. तो बिचारा मान हलवून निघून गेला.

घरी गेल्या गेल्या तिने नंबर फिरवला. धाकटीने लगेच उचलला. ही म्हणाली, "तू हो का म्हणालीस?"

"मग काय म्हणू?" धाकटी म्हणाली. "मला न विचारता नाव घातलंस. विचारायची पद्धतच नाही तुझी."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

मग धाकटीच वेगळ्या आवाजात म्हणाली, "तो म्हणाला, तुमच्या ताईंनी तुमचं नाव दिलंय. मला किती दिवसांत कुणी तुझ्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. बोलत सुटले मग."

धाकटीचा नवरा जहाजावर नोकरीला. घरी असण्यापेक्षा नसण्याचीच सवय. मुलगा शिकायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. धाकटीच्या घरी माणसांचा राबता आहे असं टाकेताई मनाशी धरून चालली होती, आणि त्याचा तिला रागही यायचा. आता फोनमधून त्या घराची शांतता तिला ऐकू आली, आणि ती थेट तिच्या स्वतःच्या घरासारखी होती.

धाकटीने नाक ओढलं आणि कामाचं बोलावं तसं विचारलं, "रंग कोणता आहे? ह्या खेपेला वेळ मारून नेली. पुन्हा फोन आला तर सांगता यायला हवा."

"मरून," टाकेताई म्हणाली.

"बरं," धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवला.

अरे देवा! टाकेताईने फोन हातात धरून कपाळावर मारून घेतला. मरून म्हणे, मरून! धाकटीने दार किलकिलं केलं होतं आणि ही बया कारकुनासारखं उत्तर देऊन मोकळी झाली. येऊन बघ, एवढंच तर म्हणायचं होतं. तेवढं म्हणायला काय जीभ झडली असती? आयुष्यभर हेच केलं. विचारलं त्याचं चोख उत्तर, समोर पडलं ते चोख काम, आणि माणूस मात्र हातचा गेला. पुन्हा फोन करावा तर धीर होईना. पंखा बंद करू का, असं ती मोठ्याने म्हणाली आणि तिला स्वतःच्या आवाजाचाच वीट आला.

सुट्टीच्या दिवशी तिने सायकल बाहेर काढली. इस्पितळाच्या रस्त्याला न वळता सरळ गेली, पुलावर आली. वारा समोरून होता, पाय भरून आले, मागून एका गाडीने उगाच भोंगा वाजवला. उतरायचं मात्र तिने नाव काढलं नाही. उतरले तर मागे वळेन, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धाकटीच्या दाराशी पोचली तेव्हा श्वास लागलेला, केस विस्कटलेले, आणि काय बोलायचं ह्याचा पत्ता नाही. घंटा वाजवली आणि सायकल दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

धाकटीने दार उघडलं. वाळली होती. केसांत पांढरं आलं होतं, आणि ते आलं तेव्हा आपण नव्हतो, हे टाकेताईच्या काळजात चर्रकन गेलं. धाकटीने तिच्याकडे बघितलं नाही. सायकलकडे बघितलं. पुढून, मागून, टोपलीत डोकावून.

"ह्याला मरून म्हणतात?" ती म्हणाली. "हा विटकरी आहे."

"कंपनीच्या कागदावर मरून लिहिलंय."

"कंपनीला काय कळतंय."

रस्त्यावरून एक माणूस गेला, त्याने दोघींकडे बघितलं. टाकेताईच्या मनात आईचा स्वेटर होता, त्याबद्दल बोलायचं होतं, तुला न विचारता दिला, चुकलं माझं, असं म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. शेवटी ती म्हणाली, तुला रंग दाखवायचा होता, तेवढ्यासाठी आले, निघते आता. आणि सायकल वळवायला लागली.

धाकटीने हँडल धरलं.

"ही बाहेर नको ठेवूस," ती म्हणाली. "चोरीला जाईल."

"विमा आहे तिचा."

"असू दे विमा," धाकटी म्हणाली आणि दाराच्या एका बाजूला सरली. "आत घे."